खेळाडू निघतात, संघ निघत नाही

बीड जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येतं ते बहुतेक वेळा दुष्काळासाठी, ऊसतोडीसाठी, नाहीतर राजकारणासाठी. पण गेल्या काही वर्षांत खेळाच्या बातम्यांतही ते येऊ लागलं आहे. आधी ती नावं एकदा ओळीने मांडतो, मग मनात बरेच दिवस घोळत असलेला मुद्दा सांगतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची आणि पाण्याच्या खड्ड्याची शर्यत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. केनियाच्या किबिवोटचं सोनं त्याच्यापासून फक्त पाच शतांश सेकंद लांब होतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं मिळालं आणि २०२४ मध्ये पॅरिसला तो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

पाटोद्याकडचा राहुल आवारे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्य.

बीड शहरातला सचिन धस. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात, बेनोनीच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची अवस्था ४ बाद ३२ होती आणि करायच्या होत्या २४५. या पोराने ९६ धावा काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ ची भागी केली आणि सामना आपण जिंकला. त्या संध्याकाळी बीडमध्ये ज्याच्या घरी टीव्ही चालू नव्हता, तो माणूस बहुतेक प्रवासात असावा!

आणि प्रियांका इंगळे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. मूळ गाव केज तालुक्यातलं.

आता ही यादी जरा मास्तरच्या नजरेने तपासून पाहू. साबळे बारावीनंतर लष्करात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, आणि लष्करातल्या क्रॉस कंट्री शर्यतींतून खेळाडू म्हणून पुढे आला. आवारे घडला पुण्याच्या तालमीत, आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि मग काका पवार यांच्या हाताखाली. धस बीडमध्येच शिकला, पण फलंदाज एकट्याने घडू शकतो. एक चांगला प्रशिक्षक, एक खेळपट्टी आणि खेळाची जाण असलेलं घर एवढं असलं की पोरगा उभा राहतो. इंगळे खो-खोची, म्हणजे अगदी सांघिक खेळाची. पण ती वाढली आणि खेळली पुण्याकडे.

म्हणजे काय झालं? बीडमधून खेळाडू निघतात, पण संघ निघत नाही. आमच्या जिल्ह्याने एक धावपटू दिला, एक मल्ल दिला, एक फलंदाज दिला. कबड्डीचा सात जणांचा किंवा खो-खोचा नऊ जणांचा असा संघ, की ज्याचं नाव राज्यभर घ्यावं, तो काही आम्हाला देता आलेला नाही. ताकद कमी म्हणावी तर तसं नाही. बीडच्या पोरांच्या पायात किती ताकद आहे ते साबळेने जगाला दाखवलंच आहे. मग अडतं कुठे?

याचं उत्तर शोधताना मी जरा मागे गेलो.

संघ म्हणजे कोणाचा संघ, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी राजकारणाने दिलं आहे. मुंबईतल्या चौरंगी आणि नंतरच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत संघ धर्मावर होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्यांचा ‘इतर’. विजय हजारे ख्रिस्ती म्हणून ‘इतर’ संघात. १९४३ च्या मोसमात हिंदूंविरुद्ध ‘इतर’च्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत असे, पण दलित म्हणून कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना विरोध केला आणि १९४६ नंतर ते बंद झाले.

आम्ही बीडकर तेव्हा त्या चित्रात कुठेच नव्हतो. आम्ही निजामाच्या राज्यात. १९३७-३८ मध्ये हैदराबादने रणजी करंडक जिंकला तेव्हा, कागदोपत्री पाहिलं तर, तो आमचाही संघ होता! १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि क्रिकेटपुरते आम्ही ‘महाराष्ट्र’ संघाचे झालो. एका राज्यात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन रणजी संघ. आमचा जो, त्याचा सगळा कारभार पुण्यातून. खेळणारा तोच, माती तीच, संघाचं नाव मात्र वीस-बावीस वर्षांत बदललं.

मराठवाड्याला खऱ्या अर्थाने आपला म्हणता येईल असा संघ मिळाला तो विद्यापीठामुळे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. त्याआधी आमच्या भागातलं उच्च शिक्षण उस्मानियाकडे तोंड करून होतं. आता बीड, अंबाजोगाई, परभणी, नांदेड, लातूरकडची पोरं आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत एकमेकांसमोर येऊ लागली. त्यातून निवड होऊन विद्यापीठाचा संघ व्हायचा आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला परप्रांतात जायचा. मी कॉलेजात होतो तो काळ १९७१ च्या आसपासचा. कबड्डीच्या सामन्याला मैदानाभोवती चुन्याची रेघ आणि रेघेच्या बाहेर माणसांची भिंत. जवळच्या खेड्यांतले लोक सायकलीवर डबलसीट बसून येत. ज्या पोराने चढाईत तीन गडी मारले, त्याचं नाव दुसऱ्या दिवशी बाजारात.

या संघाच्या नावावरूनही राजकारण झालं, आणि ते साधं नव्हतं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली, घरं उठली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सोळा वर्षं. आज विद्यापीठाचा संघ बाबासाहेबांचं नाव छातीवर घेऊन बाहेर खेळायला जातो, यात मला समाधान आहे. नावाला किंमत असते. पण वर्गात पन्नास पोरं बसलेली पाहिलेल्या माणसाला हेही दिसतं, की नावावर एवढं सगळं झालं, पण ते नाव घालून खेळणारी पोरं वर्षभर राहतात कुठे आणि जेवतात काय, यावर मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

नावानंतर खुर्ची. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोघांना त्यांच्या घरी हरवलं. आम्ही कॉलेजातली पोरं वाचनालयात उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रासाठी रांग लावत होतो. त्याच वाडेकरांना २००१ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शरद पवारांनी हरवलं. २०११ मध्ये त्याच खुर्चीसाठी दिलीप वेंगसरकर उभे राहिले आणि विलासराव देशमुखांकडून हरले. आणि २०१३ मध्ये आमचे गोपीनाथराव मुंडे उभे राहिले, तर त्यांचा अर्जच बाद झाला. कारण? ते मुंबईचे कायमचे रहिवासी नाहीत, पत्ता परळीचा! कोर्टात गेले, पण तिथेही दिलासा मिळाला नाही. पवार बिनविरोध निवडून आले.

त्या वेळी आमच्याकडे पारावर यावर मनसोक्त हसून झालं, थोडा रागही झाला. मला मात्र वेगळंच वाटत राहिलं. मुंडेसाहेब ऊसतोड कामगारांचे नेते. त्यांच्या शब्दावर लाखो कोयते थांबत आणि चालू होत. एवढ्या मोठ्या नेत्याला खेळाच्या राजकारणात शिरायचं तर वाट दिसली ती वानखेडेवरच्या खुर्चीची. परळीत बसून जे करता आलं असतं, त्याला कुठल्या रहिवासी दाखल्याची गरज नव्हती. हे मी एकट्या त्यांच्याबद्दल म्हणत नाही. सगळ्याच पक्षांच्या सगळ्याच पुढाऱ्यांचं असं आहे. कबड्डीचंच पाहा. राष्ट्रीय महासंघाचं अध्यक्षपद जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे १९८४ पासून जवळजवळ तीन दशकं, मग त्यांच्या पत्नीकडे. शेवटी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निवड रद्द करून प्रशासक नेमला. पुढाऱ्यांमुळे मैदानं झाली हेही खरं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं ते राजकीय ताकदीमुळेच. पण बालेवाडी पुण्याला आहे.

आता टीव्ही. १९८३ चा विश्वचषक आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकला, पाहिला नाही. १९८४ च्या सुमारास देशभर दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक उभे राहिले आणि पाच-सहा वर्षांत गावात टीव्ही आला. १९९३ मध्ये हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांचं भांडण झालं. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. निकाल मोठा होता. पण सार्वजनिक मालमत्तेचा लिलाव झाला की ती घेतो कोण, हे आपण पुढे पाहिलंच. सगळा पैसा क्रिकेटकडे गेला आणि गावातला प्रेक्षकही मैदानाच्या रेघेवरून उठून टीव्हीसमोर जाऊन बसला.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाची प्रात्यक्षिकं दाखवली, तो खेळ अखेर घराघरात पोचला. शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि २०२४ मध्ये त्याने करंडक उचलला. पण नीट पाहिलं तर इथेही खेळाडूचा लिलाव होतो. एक एक वेचून संघ बांधला जातो, आणि दोन-तीन मोसमांनी पुन्हा मोडला जातो. म्हणजे टीव्हीलाही खेळाडूच हवा असतो. संघ ते स्वतः तयार करतात.

अमेरिकेत हे उलट आहे असं ऐकून होतो, म्हणून त्याबद्दल वाचलं. तिथे कॉलेजचा फुटबॉल संघ म्हणजे त्या गावाचं दैवत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात आणि ते मैदान १९२७ चं आहे! १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची मध्यवर्ती संघटनेची पकड मोडली आणि टीव्हीचा पैसा कॉलेजांकडे वाहू लागला. शिक्षकापेक्षा प्रशिक्षकाचा पगार कितीतरी पट. खेळणाऱ्या पोरांना मात्र त्यातला थेट वाटा मिळायला २०२५ उजाडलं. तेव्हा तेही काही स्वर्ग नाही. पण एक गोष्ट मला पटली. तिथे संघ टिकतो, कारण पोरं त्याच आवारात राहतात. मैदान, वर्ग, जेवण, झोप, सगळं एका ठिकाणी.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बीडमध्ये अडतं कुठे?

शाळेच्या क्रीडास्पर्धांचं वर्ष कसं चालतं पाहा. पावसाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा, त्यानंतर जिल्हा, मग विभाग आणि दिवाळीच्या पुढेमागे राज्य. कॉलेजचंही थोड्याफार फरकाने तसंच, हिवाळ्यात आंतरविद्यापीठ. आणि ऊसतोडीचं वर्ष? दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं. परत यायचे ते मार्च-एप्रिलमध्ये.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आणि नववी-दहावीतला धट्टाकट्टा पोरगा, जो कबड्डीत तुमचा हुकमी चढाईपटू असतो, तो मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता असतो. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी हे इतक्या वेळा पाहिलं, की त्याचं नवल वाटेनासं झालं. तालुक्याला आमचा संघ जिंकायचा. जिल्ह्याला जाईस्तोवर एक पोरगा कमी. विभागापर्यंत पोचलो तर दोन-तीन कमी, आणि जागा भरायला आठवीतली किडकिडीत पोरं. हरून आलो की लोक म्हणत, ‘मास्तर, पोरात दम नाही.’ दम होता. तो कर्नाटकात, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडे फडात होता. मराठीत कुस्तीच्याही मैदानाला फड म्हणतात आणि उसाच्या शेतालाही. आमच्या पोरांच्या वाट्याला दुसरा फड जास्त आला.

मुलींचं तर विचारूच नका. खो-खोत वाऱ्यासारखी पळणारी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून कोपीवर जायची, आणि पुढच्या वर्षी कळायचं की लग्न झालं.

एकटा धावणारा यातूनही सुटू शकतो. पहाटे उठून रस्त्याने पळायला दुसरं कोणी लागत नाही. साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबायचे आणि हा पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेत पळत जायचा. पण सात जणांनी नोव्हेंबरात एकाच गावात असावं लागतं, तेव्हा संघ होतो. आमच्याकडे नेमकं तेच होत नाही.

आणि पुन्हा वरची यादी बघा. लष्कराने साबळेला बराक दिली. तालमीने आवारेला राहायला जागा आणि खुराक दिला. हा आपल्याच महाराष्ट्रातला जुना धडा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थ्यांची वसतिगृहं काढली आणि त्याच राजाने खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं. पोरं राहतील कुठे आणि खेळतील कुठे, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात होते.

आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. चांगली गोष्ट. पण वसतिगृह म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कॉट आणि ताट येतं. माझं म्हणणं एवढंच, की या प्रत्येक वसतिगृहाला लागून एक मैदान असावं आणि एक खेळ शिकवणारा माणूस असावा. गॅलरी नको, दिवे नकोत, उद्घाटनाची कोनशिला तर नकोच नको. पोरं ऑक्टोबर ते मार्च एका जागी राहिली, तर संघ आपोआप होईल. जिंकेल का? पहिली दोन-तीन वर्षं हरेल. पण पूर्ण सात जणांनी हरेल.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्याच्यासाठी बोगस प्रमाणपत्रं काढणाऱ्यांची प्रकरणं राज्यात गाजली. म्हणजे खेळाच्या कागदाची किंमत सगळ्यांना कळली आहे. कोणीतरी आता खेळणाऱ्याची जागाही धरून ठेवावी, म्हणजे तो फडावरून परत येईपर्यंत मोसम संपलेला नसेल.

एवढं वाचलंत, तर एक काम करा. येत्या दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात कुठे शाळा-कॉलेजचे कबड्डी-खो-खोचे सामने असतील तर अर्धा दिवस काढून जा आणि रेघेबाहेर उभे राहा. कोणता संघ जिंकला ते नाही पाहिलंत तरी चालेल. पोरं मोजा. सात आहेत का तेवढं बघा.